देवळ्याचं डोहाळजेवण

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या कऱ्हाडच्या बायका विचारतात, काळाराम झाला का, त्र्यंबकला गेलात का, द्राक्षं आणलीत का? या वेळी मी यांतलं काहीच केलं नाही. ऐन चैत्रात गेले, अठरा दिवस राहिले, आणि पाहिलं ते एवढंच: देवळाली कॅम्प, देवळ्याचा एक मळा आणि नाशिकातल्या एका दवाखान्याचा दुसरा मजला. तरीही लिहिते आहे. का लिहिते ते शेवटी सांगेन.

आमचं कऱ्हाडात औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं मी यजमानांबरोबर काउंटरमागे उभी राहिले. आता मुलगा बघतो. त्या काउंटरमागून गाव वेगळंच दिसतं. शुगर आणि बीपीच्या गोळ्या लोक मोठ्यानं मागतात, वर शेजारच्याला आपला आकडाही ऐकवतात. टीबीची किंवा डोक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मात्र घडी घालून येते आणि बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर हळूच पुढे सरकते. कोणता आजार मिरवायचा आणि कोणता झाकायचा, हे कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना येतं. मलाही येत होतं.

माझी थोरली बहीण देवळाली कॅम्पात राहते. मी तिला आक्का म्हणते. दाजी नाशिक रोडला सरकारी नोकरीत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी, आमची आशू. अकरा वर्षांची असल्यापासून तिला फिट येतात. गोळी रोज वेळेवर घेतली की येत नाहीत, हेही तेवढंच खरं. लग्न ठरवताना पहिल्या तीन स्थळांना आक्का-दाजींनी ही गोष्ट स्पष्ट सांगितली. तिघांनी चहा पिऊन झाल्यावर निरोप घेतला आणि पुन्हा फोन केला नाही. चौथ्या स्थळाला त्यांनी सांगितलं नाही. लग्न झालं. मुलगा नाशिक जिल्ह्यातल्याच देवळ्याचा, घरची कांद्याची शेती, बाजारपेठेत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान.

लग्नानंतर गोळ्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी पाकिटातून एकेक गोळी सोडवायची, रक्तवाढीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरायची आणि आक्काकडे कुरियर करायची. आशू माहेरी आली की बाटली घेऊन जायची. सासरच्यांना वाटायचं, सुनेच्या अंगात रक्त कमी आहे. चार वर्षं मी हे करत होते आणि मला ते मदत वाटत होतं.

देवळाली कॅम्प

नाशिक रोड स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. बाहेर कामावर जाणाऱ्यांची घाई, हातात डबे. मी कॅम्पाची बस धरली. शहर मागे पडलं की हवा खरंच बदलते. आमच्या कृष्णाकाठच्या चैत्रात जी चिकट उष्णता असते ती इथे नाही. मोठमोठी झाडं, लष्कराच्या भिंती, मध्येच जुने, लांब व्हरांड्यांचे बंगले. आक्का सांगत होती, पूर्वी मुंबईची माणसं इथे महिनोन्‌महिने येऊन राहायची. छातीचा आजार असायचा, पण घरी कुणी तसं म्हणायचं नाही. हवापालटाला गेलेत, म्हणायचं.

आक्कानं मिसळ केली होती. इथली मिसळ आमच्याकडच्यासारखी फरसाणानं भरलेली नसते. मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजूला पापड आणि दही. मी पहिला घास घेणार तोच धडाम असा आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. हाताचा धक्का लागून बाजूचा चहा माझ्या साडीवर सांडला. आक्का जागची हललीसुद्धा नाही. तोफांचा सराव असतो, म्हणाली, आम्हाला आता ऐकूही येत नाही. पुढचे दोन तास अधूनमधून तो आवाज येत राहिला आणि मी प्रत्येक वेळी दचकत राहिले.

साडीवरचा डाग धुता धुता तिनं मूळ गोष्ट काढली. आशूला सातवा महिना होता, दोन दिवसांनी देवळ्याला डोहाळजेवण होतं, ते झालं की पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी आणायचं होतं. हे मला फोनवर कळलंच होतं. फोनवर न सांगितलेलं असं, की आशूनं गेल्या चार महिन्यांत बाटली नेलेली नव्हती. आक्कानं विचारलं की ती म्हणायची, आहेत शिल्लक.

ही गोळी गरोदरपणात बदलून घ्यावी लागते, डॉक्टर दुसरी देतात, हे मला पक्कं माहीत होतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आक्काला फोनवर तसं सांगितलंही होतं. ती हो हो म्हणाली होती, आणि मी फोन ठेवून गिऱ्हाइकाकडे वळले होते. आता ती म्हणाली, "कुणाला विचारणार होती ती? तपासणीला सासू सोबत असते."

देवळ्याकडे

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं निघालो. पिंपळगावपर्यंत दोन्ही हातांना द्राक्षांचे मांडव, हंगाम संपत आलेला, पानं धुळीनं माखलेली. चांदवडच्या पुढे मात्र जमीन एकदम उघडी पडते. सातमाळ्याचे डोंगर तुटलेल्या भिंतींसारखे उभे, त्यांच्या पायथ्याशी तांबूस-पांढऱ्या कांद्यांचे ढीग आणि त्याभोवती बसून पात कापणाऱ्या बायका. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या मोळ्यांनी रस्ते अडतात, इथे कांद्याच्या ट्रॉल्यांनी. वास इतका, की बस थांबली की डोळे चुरचुरायचे. एका बारीत, म्हणजे लहानशा घाटात, आमची बस पंक्चर झाली. तासभर रस्त्याकडेला बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं आपल्या फडक्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा आम्हाला दिला आणि आम्ही कुठल्या, कुणाच्या, हे सगळं विचारून घेतलं. लेकीचं डोहाळजेवण आहे म्हटल्यावर तिनं आक्काच्या हातावर एक आवळासुपारी ठेवली.

मळा गावाबाहेर दोन किलोमीटरवर. नवं सिमेंटचं घर, समोर अंगण, पलीकडे कांद्याची चाळ. चाळ म्हणजे माणसांची नव्हे. लांबच लांब, फटी ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांची खोली, वर पत्रा, आत महिनोन्‌महिने कांदा टिकतो. आशूची सासू हिराबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. उंच, काटक बाई, हातांना कांद्याचा कायमचा वास. घरच्यांशी त्या अहिराणीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत. त्यांनी आमच्यावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या की सूनबाईला मी वरचं काम करू देत नाय, मावशी, तुमी बघा, कशी भरली हाये.

आशू खरंच भरली होती. पण तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती. वाफ लागली, असं सासूबाई म्हणाल्या.

जेवायला शेवभाजी होती, जिभेला चटका लावणारी, आणि वर ताक. आग्रह असा, की पानात रिकामी जागा दिसू देत नव्हते. जावई योगेश स्वतः वाढत होता. तीस-एकतिसाचा, कमी बोलणारा मुलगा. आशूच्या ताटातला मिरचीचा तुकडा त्यानं गुपचूप उचलून आपल्या ताटात टाकला, ते मी पाहिलं. चांगलं घर आहे, असं मला मनापासून वाटलं. आणि ते होतंही.

संध्याकाळी आशू मला चाळ दाखवायला घेऊन गेली. आत गेल्यावर तिनं मागे वळून पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं मोबाइलवर वाचलं होतं की या गोळ्यांनी बाळ अपंग होतं. तिसऱ्या महिन्यात तिनं गोळ्या बंद केल्या. पहिल्या तपासणीला दवाखान्यात कार्ड भरताना नर्सबाईनं विचारलं होतं, आधीचे काही आजार? शेजारी हिराबाई होत्या. आशू उत्तर देण्याआधी त्याच म्हणाल्या, काय नाय, रक्त थोडं कमी हाये. कार्डावर तसंच लिहिलं गेलं. पुढे प्रत्येक वेळी डॉक्टर बोलायचे ते सासूशी. जेवते का, झोपते का, हे सगळं सासूला विचारायचे. हिराबाई सुनेची काळजी म्हणून सोबत बसायच्या. त्यांच्या स्वतःच्या वेळी त्यांच्यासोबत कुणीच गेलं नव्हतं, असं त्या आशूला सांगायच्या.

पंधरा दिवसांपूर्वी अंघोळीचं पाणी तापवायला ती मागच्या चुलीपाशी बसली होती. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा हात चुलीच्या तोंडाशी होता आणि जीभ चावली गेली होती. घरात तिनं चक्कर आली म्हणून सांगितलं. हिराबाईंना ती बाहेरची बाधा वाटली. त्यांनी गावातल्या भगताकडून अंगारा आणला, दंडात दोरा बांधला.

मी तिला म्हटलं, उद्याच डॉक्टरांना सांगू. तिनं माझा हात घट्ट धरला.

"मावशी, उद्या डोहाळजेवण आहे. परवा मी तुमच्यासोबत येतेच आहे देवळालीला. तिथे कुणाला न कळता डॉक्टरकडे जाऊ. एक दिवस फक्त."

एक दिवस. मी हिशेब केला आणि तो मला पटला. गोष्ट झाकलेलीच राहील आणि औषधही सुरू होईल. तीस वर्षांच्या सवयीनं मी हो म्हटलं. त्या रात्री तिच्या खोलीत मी झोपते, एवढंच ठरवलं.

डोहाळजेवण

दुसरा दिवस आनंदात गेला, हे लिहायला हवं. नाहीतर त्या घरावर अन्याय होईल. अंगणात झोपाळा बांधला होता, त्याला झेंडूची फुलं आणि कांद्याच्या हिरव्या पातीच्या जुड्या लावल्या होत्या. पातीची सजावट मी प्रथमच पाहिली. आमच्याकडे डोहाळजेवण हल्ली हॉलमध्ये होतं, फोटोवाला सांगेल तसं बसायचं. इथे भावकीतल्या चाळीस-पन्नास बायका ट्रॉलीतून आल्या, जमिनीवर बसल्या आणि अहिराणीत गाणी म्हणाल्या. मला निम्मी कळली नाहीत. हिराबाईंनी सुनेला हिरवा शालू नेसवला, तिची पट्टी पदराखाली झाकली आणि सगळ्यांत आधी स्वतः तिची ओटी भरली. पेढा की बर्फी झाली तेव्हा पेढा निघाला आणि बायका हसल्या. आशू हसत होती. आक्कानं तर दाजी गेल्यानंतर पहिल्यांदाच केसात गजरा माळला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पिशव्या भरून ओट्यावर ठेवल्या होत्या. योगेश गाडी पुसत होता. आशू देवाला नमस्कार करून बाहेर आली, अंगणाच्या दोन पायऱ्या उतरू लागली आणि तिथेच तिची मान एका बाजूला वळली. मला कळलं. मी पोचेपर्यंत ती पायरीच्या कडेवर पोटावर आपटली होती.

शेजारच्या मळ्यातल्या बायका धावत आल्या. एकीनं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, दुसरीनं पायातली चप्पल काढली. मी चप्पल ढकलली, तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझा पदर घातला. मनात सेकंद मोजत होते. दोन मिनिटांनी झटके थांबले. हिराबाई अंगारा घेऊन आल्या होत्या. तो त्यांच्या मुठीतच राहिला. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला काय करायचं ते आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

देवळ्यातल्या एका डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत फिट आली की आधी बीपीची शंका घेतात. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाशिकला ताबडतोब न्या म्हणाले, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, की आधी कधी असं झालं होतं का?

आक्का म्हणाली, "नाही. कधीच नाही."

तिनं माझं मनगट धरलं होतं. योगेश आणि हिराबाई बाजूलाच उभे होते. मी काही बोलले नाही.

नाशिक

देवळा ते नाशिक हा रस्ता मी दोन दिवसांपूर्वीच पाहिला होता. परतताना मी काही पाहिलं नाही. मागच्या सीटवर आशूचं डोकं माझ्या मांडीवर, पाय सासूच्या. चांदवडच्या अलीकडे तिला पुन्हा झटका आला, या वेळी जास्त वेळ. हिराबाई तिचे तळवे चोळत होत्या आणि एका सुरात देवीला नवस बोलत होत्या. आक्का पुढच्या सीटवर, ताठ. एकदाही मागे वळली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, लघवी तपासायला पाठवली आणि कपाळाला आठी घातली. बीपी वाढलेलं नव्हतं. त्यांनी योगेशला सहीसाठी बोलावलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आक्कानं तेच उत्तर दिलं. डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. त्यांच्या दोन ओळी लिहून होईतो मी गप्प राहिले. मग म्हणाले, "तिला अकरा वर्षांची असल्यापासून फिट येतात. चार महिन्यांपासून गोळ्या बंद आहेत." गोळीचं नाव सांगितलं, किती मिलिग्रॅम तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आवाज चढवून काही बोलल्या नाहीत. देवळ्यात हे सांगितलं होतं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्या उठून आत गेल्या, आणि नर्सांची धावपळ बदललेली आम्हाला दारातून दिसली. योगेश हातात तो सहीचा कागद घेऊन आक्काकडे पाहत होता. मग माझ्याकडे. मग तो जिन्यानं खाली गेला.

झटके थांबले. आशू वाचली. पण पायरीवर पडल्यामुळे आत वार गर्भाशयापासून सुटली होती. दुपारी चारच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके लागत नाहीत म्हणून सांगितलं. मुलगा होता. मी त्यांना नंतर व्हरांड्यात गाठून विचारलं, की मी देवळ्यातच बोलले असते तर? त्या म्हणाल्या की बाळाचं आता सांगता येणार नाही, गाडीतला दुसरा झटका कदाचित टळला असता. कदाचित हा शब्द त्यांनी माझी कीव येऊन वापरला, की तो खराच होता, हे मला कधीच कळणार नाही.

आशू शुद्धीवर आली तेव्हा हिराबाई तिच्या उशाशी होत्या. त्यांनीच तिला सांगितलं, त्यांनीच तिचं तोंड पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं. आक्का भिंतीला टेकून उभी होती, जवळ यायचं धैर्य तिला होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर हिराबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"खोटं नाय बोलत, मावशी," त्या म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर आमी सोयरीक केली नसती. पन सोयरीक झाल्यावर सांगितलं असतं, तर मी तिला चुलीपाशी बसवली असती का? कार्डावर मी माझ्या तोंडानं नाय म्हनले. माझ्या तोंडानं."

त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, तिला सव्वा महिना तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. बाळंतिणीनं सव्वा महिना माहेरी राहायची रीतच आहे. पण त्या ते ज्या रीतीनं म्हणाल्या, त्यातून आम्हा दोघींनाही कळलं की सव्वा महिन्यानंतरचं काही त्या बोललेल्या नाहीत.

पुन्हा देवळाली

आशूला घेऊन आम्ही कॅम्पात आलो. तोफा चालूच होत्या. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. अंगाला दूध फुटलं होतं, ते आटवायच्या गोळ्या मी आणल्या. नवी फिटची गोळीही सुरू झाली. शेजारच्या बायका डबे घेऊन यायच्या आणि दारातच विचारायच्या, कसं झालं? आक्का सांगायची, बीपी वाढलं. सगळ्या माना हलवायच्या, आपापल्या ओळखीतली बीपी वाढलेली बाई सांगायच्या आणि जायच्या. बीपीला कुणाचीच हरकत नव्हती.

बाळ गेल्यापासून अकराव्या दिवशी योगेश आला. एकटाच. आशूला तपासणीला न्यायचं होतं, मी येतो म्हणाला. फिटच्या डॉक्टरांसमोर तो पहिल्यांदाच बसला. त्यानं खिशातून कागद काढला, त्यावर प्रश्न लिहून आणले होते. विहिरीवर एकटीनं जाऊ शकते का, गाडी चालवू शकते का, पुन्हा मूल होऊ शकतं का, मुलाला हा आजार होईल का. डॉक्टरांनी प्रत्येकाचं नीट उत्तर दिलं. गोळ्या सांभाळल्या तर मूल होऊ शकतं, संसार होऊ शकतो, तुमच्या-माझ्यासारखंच आयुष्य जाऊ शकतं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला आशा वाटू लागली होती. इतके नेमके प्रश्न माणूस सोडून द्यायच्या बाईबद्दल विचारत नाही, असं वाटलं.

त्यानं आम्हाला घरी सोडलं. आशू आत गेली. फाटकापाशी तो मला म्हणाला, "मावशी, मला काही अडचण नाही. पण त्या दिवशी अंगणात सगळ्यांनी पाहिलं. आता गावात माहीत झालंय. घरी धाकटी बहीण आहे लग्नाची." डोळे खाली होते. आईशी बोलून कळवतो म्हणाला आणि गेला.

मी आत आले तेव्हा आशू खिडकीशी उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"डॉक्टरांना सगळं विचारलं त्यानं," ती म्हणाली. "मला काहीच नाही विचारलं."

रडली नाही. भाजी निवडायला बसली.

मी निघायच्या आदल्या दिवशी आक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि बजावलं की कऱ्हाडात कुणी विचारलं तर बीपीचंच सांग. आपल्या नात्यातही अजून लग्नाच्या पोरी आहेत. तिचं चुकत होतं असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. तीन स्थळं चहा पिऊन निघून गेलेली तिनं पाहिली होती, मी नव्हती पाहिली. मी हो म्हटलं. पुन्हा एकदा.

सव्वा महिना होऊन गेला. देवळ्याहून फोन आलेला नाही. योगेशनं आशूचे कपडे एका पेटीत भरून भावकीतल्या कुणाबरोबर पाठवले, त्यात हिराबाईंनी वर्षभराची कुरडई-पापडी घातली होती. डोहाळजेवणाचा शालूही होता, घडी न मोडल्यासारखा.

परवा आशूचा फोन आला. ती नाशिक रोडला एका शाळेच्या कार्यालयात कामाला लागली आहे. रुजू होताना तिनं तिथल्या मुख्याध्यापिकेला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला फिट येतात, आली तर कुशीवर वळवा, नाकाला काही लावू नका. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिला कामावर ठेवलं, पण दुसऱ्या दिवसापासून सोबतच्या दोघी डबा खायला वेगळ्या बसतात. तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज सपाट होता. मग मी विचारलं, की आपला हा सगळा प्रवास मी लिहू का? नावं बदलते, गाव बदलते.

ती म्हणाली, "बाकीच्यांची बदल. माझं राहू दे. आणि आजाराचंही."

म्हणून लिहिलं. अश्विनी हे तिचं खरं नाव आहे. तिला अपस्मार आहे. आक्काला मी हे कळवलं, त्या दिवसापासून ती माझा फोन उचलत नाही.